सव्वासहाची बस

"गाडी दारात उभी, आणि जायचं आगगाडीने," भाजलेले चेस्टनट सोलता सोलता फिलोमेना म्हणाली. "हे कॉलेजात शिकवतात वाटतं."

लोरेदानाने सासूचं बोलणं कानाआड केलं. रविवारच्या जेवणाची ताटं बाजूला सारून तिने टेबलावर वेळापत्रकं पसरली होती. सालेर्नोहून साप्री, साप्रीहून पाओला, मग त्रोपेआ. सगळी स्टेशनं समुद्राच्या कडेने. नोव्हेंबरात खोल्या रिकाम्या असतात. मायोरी या त्यांच्या गावातल्या माणसांची सुट्टी तेव्हाच सुरू होते, उन्हाळी पाहुणे परत गेले की. भर उन्हाळ्यात किनाऱ्यावरची बस चालवणाऱ्याला रजा कोण देणार, आणि तिचा नवरा सावेरिओ बस चालवत होता.

तिने उत्तरं तयार ठेवली होती. पुढे दरड कोसळलीय. वळणांवर पोरीला उलट्या होतात. गाडी लावायला जागा मिळत नाही. खरं कारण मात्र एकच होतं, आणि ते आईसमोर काढायचं नाही असं सावेरिओने तिच्याकडून कबूल करून घेतलं होतं.

तीन आठवड्यांपूर्वी, सालेर्नोच्या वाटेवर चेताराच्या वळणावर, गाडी चालवता चालवता तो चार-पाच सेकंद कुठेतरी निघून गेला होता. डोळे उघडे, हात स्टीअरिंगवर, आणि आत कोणी नाही. तिने स्टीअरिंग ओढलं म्हणून खालचा समुद्र खालीच राहिला. मागच्या सीटवर त्यांची लेक जेम्मा झोपलेली होती. त्याला काही आठवत नव्हतं. डुलकी लागली असेल, म्हणाला. डॉक्टरचं नाव काढलं की उठून जायचा.

"तू तरी बोल की रे," फिलोमेना लेकाला म्हणाली. "बारा वर्षं अख्ख्या गावाला फिरवतोस, आणि स्वतःच्या पोरीला न्यायचं तर तिकीट काढणार?"

लोरेदाना त्याच्या तोंडाकडे बघत राहिली.

"ट्रेनच बरी," सावेरिओ म्हणाला. "सुट्टीत तरी चाक माझ्या हातात देऊ नका."

फिलोमेना हसली. "आळशी. बापावर गेलाय."

लोरेदानाला हायसं वाटायला हवं होतं. जिंकल्याशिवाय टेबलावरून न उठणारा हा माणूस एका वाक्यात कबूल झाला होता. म्हणजे ती डुलकी नव्हती, हे त्यालाही ठाऊक होतं. लेकीला आपल्या गाडीत बसवायला तो घाबरत होता. आता तो टेबलाखाली बघत होता. तिथे जेम्मा चेस्टनटच्या सालांची होडी करत बसली होती.

"मग निघणार कधी?" फिलोमेनाने त्याला विचारलं.

"शनिवारी. शुक्रवारपर्यंत माझी सकाळची पाळी आहे. सव्वासहाची सालेर्नोची बस."

"शाळेच्या पोरांची," फिलोमेना म्हणाली. "शेजारच्या रोझारिआचा नातू असतो ना त्यात. परवाच म्हणत होती, तुझा सावेरिओ असला की मी पुन्हा डोळे मिटून पडते."

सोमवार ते शुक्रवार. पाच दिवस, पाच वेळा चेताराचं वळण. लोरेदानाने हातातलं पेन खाली ठेवलं.

"पण बोटी तर बंद झाल्या," फिलोमेनाचं चाललंच होतं. "सालेर्नोपर्यंत जाणार कसे? स्टेशन काही इथे चालत येणार नाही."

"बसनेच," लोरेदाना म्हणाली. आवाज चढू नये म्हणून तिने क्षणभर दम घेतला. "आणि शनिवारी नाही. जेम्मा आणि मी उद्याच पुढे जातो. सव्वासहाच्या बसने."

सावेरिओने मान वर केली.

"उद्या?" फिलोमेना म्हणाली. "कपडे तरी वाळलेत का?"

"ओलेच नेईन. अगदी पुढची सीट धरू. पापाच्या मागची."

जेम्मा टेबलाखालून बाहेर आली. "मी खिडकीत."

"तू खिडकीत," लोरेदाना म्हणाली.

"उद्या नको," सावेरिओ म्हणाला.

"का?"

"नको म्हटलं ना."

"बस भरलेली असेल?"

"लोरे."

"कारण सांग, मी राहते. हवं तर रोझारिआलाही जाऊन सांगते."

फिलोमेनाच्या हातातली सुरी थांबली. तिने आधी सुनेकडे पाहिलं, मग लेकाकडे. "काय चाललंय तुमचं?"

जेम्मा बापाच्या मांडीवर चढली. शर्टाचं वरचं बटण धरून म्हणाली, "मी मध्ये मध्ये बोलणार नाही, पापा. तू चालवताना बोलायचं नसतं, मला माहितीय."

सावेरिओने तिचे हात हळूच सोडवले आणि तिला खाली उतरवलं. तो उठला. नेहमीसारखा बाहेरच जाणार, असं लोरेदानाला वाटलं. तो जिन्याच्या दारापर्यंत गेलाही. तिथे पाठमोरा उभा राहून त्याने खिशातून फोन काढला आणि बसच्या डेपोला लावला.

"मी सावेरिओ. उद्या सव्वासहावर दुसरा माणूस घाला." मग थोडं थांबून, "परवाही. पुढेही."

पलीकडून काहीतरी लांबलचक विचारलं गेलं. स्वयंपाकघरात तिघी जणी ऐकत होत्या.

"नाही," तो म्हणाला. "ताप नाही. कागद घ्या, सांगतो ते लिहून घ्या."