ढब्ब्याचं घटतं वजन

वजनापुढे कुणाचा वशिला चालत नाही, असं निवृत्त वजनमापे निरीक्षकांचं ठाम मत होतं. म्हणूनच आपल्या कुत्र्याला, ढब्ब्याला, दवाखान्यातल्या काट्यावर चढवायला त्यांनी साफ नकार दिला. काट्यावर यंदाच्या पडताळणीचा शिक्का नव्हता.

"काका, जंतांची गोळी वजनावर असते," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "मला आकडा लागेल."

"आकडा आहे की." निरीक्षकांनी खिशातून वही काढली.

बत्तीस वर्षं त्यांनी दुकानदारांचे काटे तपासले होते. घरचा न्हाणीघरातला काटा तर त्यांनी प्रमाणित वजनं ठेवून स्वतः पारखला होता. ढब्ब्या त्यावर एकटा उभा राहत नसे. काट्याचा वास घेई आणि निघून जाई. त्यामुळे दर महिन्याच्या एक तारखेला निरीक्षक त्याला कडेवर घेऊन काट्यावर उभे राहत आणि येईल त्या आकड्यातून अडुसष्ट वजा करत. अडुसष्ट हे त्यांचं स्वतःचं वजन. सेवापुस्तकात तशी नोंद होती.

वहीत उतरती भाजणी होती. चौदा, साडेबारा, अकरा, नऊ.

"नऊ?" डॉक्टरीणबाईंनी टेबलाखाली वाकून पाहिलं. ढब्ब्या टेबलाचा पाय चाटत होता. "दिसत नाही हो तसा."

"केसाळ आहे. वरून कळत नाही. आणि हे बघा, लस आज अर्धीच टोचा. एवढ्याशा जिवाला अख्खी झेपायची नाही."

"लसीचं तसं नसतं, काका. कुत्रं मूठभर असो नाहीतर वासराएवढं, लस सगळ्यांना एकाच मापाची."

सगळ्यांना एकच माप, हे तत्त्व खरं तर त्यांच्याच खात्याचं. आज मात्र त्यांना ते निर्दय वाटलं.

"टोचा हो तुम्ही अख्खी," बाकावरून त्यांची बायको म्हणाली. "त्या मेल्याला काही धाड भरलेली नाही. वाडगं चाटूनपुसून लख्ख करतो. ताटावरून उठतात ते हेच."

"तू मध्ये बोलू नकोस."

"मग कधी बोलू? घरी सापडता कुठे? दिवसातून तीनदा दोघांची वरात निघालेली असते."

निरीक्षक वहीकडे बघत राहिले. मग वही मिटून त्यांनी ती टेबलावर ठेवली, एखाद्या दुकानदाराने पोकळ वजन काढून द्यावं तशी.

"एक गोळी चुकली माझ्याकडून," ते म्हणाले. "आठ महिने झाले. मुलीकडे गेलो होतो तेव्हा फ्रिजवरच राहिली. वहीत मी 'दिली' असं लिहिलंय."

बत्तीस वर्षं सरकारी आणि दोन वर्षं ढब्ब्याची, एवढ्या चाकरीत त्यांनी केलेली ती पहिली खोटी नोंद होती. डास चावतो, त्यातून जंत थेट हृदयात जातात, आणि कुत्रं आतून झिजत जातं, हे त्यांनी गोळीच्या पाकिटातल्या कागदावर नंतर वाचलं. मग चार महिन्यांपासून आकडा उतरायला लागला. आकडा उतरला की त्यांच्या घशाखाली घास उतरत नसे. जेवण टाकून ते ढब्ब्याला आणखी एक चक्कर मारून आणत, त्याच्या अंगात ताकद यावी म्हणून. पुढच्या एक तारखेला आकडा आणखी उतरलेला असे.

"जंत झालेत त्याच्या काळजात," ते म्हणाले. "मीच केले."

 बायको उठली आणि त्यांच्या हातातला ढब्ब्याचा पट्टा तिने आपल्या हातात घेतला. आता हिचा आपल्यावर विश्वास राहिला नाही, असं निरीक्षकांना वाटलं. खरं तर त्यांनी पट्टा नकळत आवळून धरला होता आणि ढब्ब्या सारखा वर बघत होता.

डॉक्टरीणबाईंनी ढब्ब्याच्या पायातून थोडं रक्त घेतलं आणि त्याचे तीन थेंब एका पट्टीवर टाकले. दहा मिनिटं थांबायचं होतं. निरीक्षक भिंतीवरच्या घड्याळाचा सेकंदकाटा तपासत उभे होते.

"एकच रेघ आलीय," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "जंत नाहीत."

"मग वजन?"

 डॉक्टरीणबाईंनी ढब्ब्याला सरळ उचलून काट्यावर ठेवलं.

"चौदा किलो दोनशे."

"त्या काट्याला शिक्का नाही," निरीक्षक क्षीण आवाजात म्हणाले.

"मग तुम्हीच उभे राहा, काका. तुमचं वजन तर तुम्हाला पक्कं ठाऊक आहे. काटा खरा की खोटा, लगेच कळेल."

हे शास्त्राला धरून होतं. निरीक्षकांनी बूट काढले, खिशातल्या किल्ल्या बायकोकडे दिल्या, आणि श्वास रोखून काट्यावर उभे राहिले. मग उतरले. पुन्हा चढले.

"त्रेसष्ट," बायकोने वाचलं.

"बघा," निरीक्षक म्हणाले. "पाच किलो कमी दाखवतोय."

"असं का? मग तुमचा ढब्ब्या एकोणीस किलोचा आहे," बायको म्हणाली. "घ्या उचलून कडेवर."

निरीक्षक मोजे घातलेल्या पायांनी काट्यावर बराच वेळ हिशेब करत उभे राहिले. ढब्ब्याला लस अख्खी टोचली गेली. गोळी मोठीच मिळाली.

"चला घरी," बायको म्हणाली. "आज माझ्यासमोर बसून जेवायचं. ढब्ब्या झोपेल तेवढा वेळ, चक्कर नको."

निरीक्षकांनी मान डोलावली आणि बूट घालायला वाकण्याआधी पँट वर ओढली. गेल्या चार महिन्यांत त्यांनी कमरेच्या पट्ट्याला दोन नवी भोकं पाडली होती. चामडं ताणलं गेलंय, असं त्यांचं मत होतं.