चार सूत जास्त

साळुंकीनं खिडकीबाहेर टांगलेल्या घरट्याच्या लाकडी पेटीच्या भोकात डोकं घातलं आणि चिमणीचं एक अंडं चोचीनं बाहेर ओढलं. ते खिडकीच्या कट्ट्यावर पडून फुटलं.

"अरे, ये लवकर!" पलंगावरून अण्णा ओरडले. "सगळी बाहेर काढेल मेली!"

त्यांचा सुतार मुलगा धावत आला. चूक त्याचीच होती. भोक पाडलं होतं बापानं सांगितलेल्या मापाचं, चिमणीपुरतं. पण चिमणीचे पंख खरचटू नयेत म्हणून हा शहाणा कानस घेऊन बसला, आणि कडा गुळगुळीत करता करता भोक चार सूत, म्हणजे चांगलं अर्धा इंच, वाढवून मोकळा झाला. आता तिथे साळुंकी मावत होती. इकडे अर्धं अंग लुळं पडलेल्या अण्णांनी एकच ध्यास घेतला होता, या पेटीतली पिल्लं उडताना बघायची.

त्यानं पत्र्याच्या तुकड्याला लहान भोक पाडलं आणि खिडकीतून अर्धा बाहेर लोंबकळत पेटी गाठली. साळुंकी उडाली ती त्याच्या डोक्यावरच झडप घालून गेली.

"हातोडी नको रे बाबा! दणक्यानं उरलेलीही फुटतील. स्क्रू लाव."

"अण्णा, मीही सुतारच आहे."

"ते दिसतंयच!"

घामानं हात घसरला. एक स्क्रू खाली पडला तो पडलाच. उरलेल्या तीन स्क्रूंवर भागवून तो आत आला. आता चिमणी परत येते की घाबरून कायमची जाते, काही सांगता येत नव्हतं. अंडी गार पडायला कितीसा वेळ लागतो! दोघं पेटीकडे डोळे लावून बसले.

चिमणी आली. मान वाकडी करून पत्रा न्याहाळला आणि सुळकन आत गेली. अण्णांच्या डोळ्यांत पाणी आलं.

मागोमाग साळुंकीही आली, चोचीत काडी घेऊन. पत्र्यावर आपटली, घसरली, पुन्हा येऊन आपटली.

"काय चिवट आहे भवानी! हिला जगात दुसरी जागा नाही?"

"होती ना. समोरच्या झाडाच्या ढोलीत राहायची."

"मग?"

"मग काय, अण्णा. तुमच्या अंगावर ऊन यावं म्हणून तोडलं ना आपण ते झाड."

ऊन पार उशीपर्यंत आलं होतं. अण्णा त्यातून बाजूला सरकू बघत होते, सरकता येईना.