आडवा हात

लग्नाच्या पंगतीत चाळीस जिलब्या सहज रिचवणारे नरहरकाका पानावर आडवा हात धरणाऱ्यांना आयुष्यभर हसत आले होते.

अन्ननलिकेत कॅन्सरची गाठ झाली आणि पाण्याचा घोटही उतरेना, तेव्हा डॉक्टरांनी तिथे औषध झिरपवणारी जाळीदार नळी बसवली. आज काकूंनी पेजेचा पहिला चमचा भरवला. तो सुखरूप खाली उतरला. दुसराही उतरला.

तिसऱ्याला मात्र काकांनी वाटीवर आडवा हात धरला. "चाळीस जिलब्यांचा मानकरी दोन चमच्यांत गारद झाला. गावात कुणाला सांगू नकोस."

"तुम्हाला माझी शपथ, एवढा एकच घ्या."

"जिलब्यांच्या वेळी कधी शपथ घातली नाहीस ती?"

"तेव्हा तुम्ही थांबत कुठे होता?"

काकांनी हात बाजूला केला आणि निमूटपणे तोंड उघडलं.