कारणाचा रकाना

"आणखी एक मेली," गुणवंत म्हणाला, आणि मेलेला उंदीर शेपटीने धरावा तसा तो अर्ज दोन बोटांत धरून त्याने टेबलाच्या डाव्या बाजूला टाकला.

मेलेली होती कोणाची तरी आजी. डावी बाजू नामंजुरीची. सकाळपासून तिथे आज्या, मावश्या, आत्या आणि एक सासरा एकमेकांवर पडले होते.

लढाई नुकतीच थांबली होती. खिडक्यांच्या काचांवर ब्लॅकआउटचे काळे कागद अजून तसेच होते. तोफगोळ्यांचं काम जोरात होतं तोवर फॅक्टरीत सगळ्यांच्याच रजा बंद होत्या. आता वर्ष संपत आलं, आणि वर्षाबरोबर उरलेली कॅज्युअल रजाही बुडणार, म्हणून जो तो अर्ज घेऊन धावत सुटला होता. कोणाला सोडायचं आणि कोणाला थांबवायचं हे रजा विभागाचा बडा बाबू म्हणून गुणवंत ठरवायचा. साहेब फक्त खाली सही करायचे.

'घरी पडून राहायचंय' असं एकाने जरी लिहिलं असतं तरी गुणवंतने खुशीने रजा दिली असती. निदान त्याला तसं वाटायचं. पण या लोकांना नातलग मारल्याशिवाय रजा मागताच येत नसे. अर्जांवर ग्रीसचे अंगठे, पानाचे डाग आणि वर ते रडकं अक्षर. त्याला खरोखरीची किळस यायची. दर थोड्या वेळाने तो उठून साबणाने हात धुऊन यायचा. अर्जातला फक्त कारणाचा रकाना तो वाचायचा. नाव-गाव वाचण्यात काय अर्थ, घाण सगळी त्या एका रकान्यात.

त्याने स्वतः कित्येक वर्षांत रजा घेतली नव्हती. वडिलांच्या श्राद्धालाही नाही. हे तो नव्या माणसाला पहिल्याच दिवशी ऐकवायचा.

दुपारी शालिग्राम आला. लेथवर काम करणारा, कमी बोलणारा माणूस. गुणवंतने त्याचा कारणाचा रकाना वाचला.

"आई अत्यवस्थ?" तो मोठ्याने म्हणाला. खोलीतल्या सगळ्या माना वर झाल्या. "शालिग्राम, तुझी आई वारली तेव्हा तेराव्यापर्यंतची रजा मीच मंजूर केली होती. ती परत आली काय?"

कारकून खोखो हसले.

"ती नाही, बाबूजी. पण आईच आहे. माझी आई गेल्यावर यांनीच मला जेवू घातलं. छातीत कफ भरला आहे, बोलता येऊन नाही राहिलं. इथल्या मोठ्या दवाखान्यात आणलं तर वाचतील. आणायला दुसरं कोणी नाही."

"काहून? त्यांना पोटचं कोणी नाही?"

"आहे. एक मुलगा आहे."

"मग तो काय करून राहिला?"

शालिग्रामने आजूबाजूच्या हसऱ्या चेहऱ्यांकडे पाहिलं.

"कोण बाई आहेत या? नाव काय?"

"नाव घ्यायचं नाही, म्हणून त्यांनी शपथ घातली आहे, बाबूजी. नर्मदामैयाची."

"वा!" गुणवंतने टेबलावर थाप मारली. "बाईला बोलता येत नाही, पण शपथ घालता येते!"

"शपथ आधीची आहे, बाबूजी."

पण आता ऐकत कोण होतं? हसता हसता एका कारकुनाला ठसका लागला. गुणवंत मात्र हसला नाही. आजी मारणारे परवडले, हा तर आईच उसनी घेऊन आला होता. त्याने अर्ज डावीकडे टाकला आणि हात धुवायला उठला.

संध्याकाळी राइट टाउनच्या घरी शरयूने ताट वाढलं तरी त्याची शिसारी गेली नव्हती. त्याने सगळा किस्सा तिला सांगितला. ती हसली नाही.

"त्याचं राहू द्या," ती म्हणाली. "तुम्ही तेवढं बरगीला जाऊन तुमच्या माईंना घेऊन या ना. थंडी काय पडून राहिली आहे. छोट्या लाइनीच्या गाडीने सकाळी गेलं की संध्याकाळी परत."

"परवाच कार्ड आलं ना? मी बरी आहे, तुझं काम आधी कर, येऊ नकोस. वाचलं नाहीस तू?"

"दर कार्डात तेच असतं. त्यांना लिहिता कुठे येतं? कोणाकडून तरी लिहून घेतात."

"वर्षअखेर होऊ दे. संक्रांतीला बघू."

दुसऱ्या दिवशी शालिग्राम कामावर आला नाही. गुणवंतला बरंच वाटलं. खोटं पकडलं गेलं की माणूस पळतोच. विनापरवानगी गैरहजर म्हणून त्याने मेमो तयार केला आणि साहेबांची सहीही आणली. असा एक जण कामावरून गेला की बाकीच्यांच्या आज्या आपोआप जिवंत होतील, असं तो कारकुनांना म्हणाला.

त्याच्या पुढच्या दिवशी, ऑफिस उघडतं न उघडतं तोच शालिग्राम दारात उभा. पाय गुडघ्यापर्यंत धुळीने भरलेले, डोळे तांबारलेले. कारकून आधीच हसायच्या तयारीने सावरून बसले.

"या," गुणवंत मेमो पुढे सरकवत म्हणाला. "आता कोण मेलं?"

शालिग्रामने मेमोला हात लावला नाही. खिशातून रजेच्या अर्जाचा छापील फॉर्म काढला आणि टेबलावर ठेवला. डावीकडे नाही, उजवीकडे नाही, बरोबर गुणवंतच्या समोर.

गुणवंतच्या कपाळाला आठ्या पडल्या. सवयीने त्याची नजर एकाच जागी गेली. तिथे काहीच लिहिलेलं नव्हतं.

"कारणाचा रकाना रिकामा आहे," तो म्हणाला.

"तो तुम्हीच भरा, बाबूजी. अर्ज तुमचा आहे," शालिग्राम म्हणाला. "माईंना बरगीला अंगणात ठेवलं आहे. अग्नी मुलानेच द्यायचा असतो ना."