दीडशे हिरव्या बाभळी

ऊन डोक्यावर आलं तरी साहेबाची जीप काही दिसंना, आन् इकडं पाल्यानं मान टाकायला सुरवात केल्ती.

तातेराव रांगांतून वाकून वाकून पळून राह्यला होता. डब्यातलं पाणी ह्या झाडावर शिंपड, त्या झाडावर शिंपड. झाडं कशाची, फांद्याच त्या! तांबडं फुटताना तोडल्या आन् मेलेल्या रोपांच्या खड्ड्यात रोवल्या. लांबून बघणाऱ्याला वाटावं, बाभूळ कशी जोमात उभी हाय.

"नऊला येतो म्हणाल्ता," कौसल्यानं डोक्यावरची घागर उतरवली. "बारा झाले. तोडलेल्या बाभळीचा पाला किती टाईम टिकंल?"

"तोंड कमी चालव, कौसे. पाणी शिंपड."

तातेरावच्या बापानं, आज्यानं जलमभर दुसऱ्याची रानं नांगरली. घराण्यातली पहिली जमीन ती ही. पंच्याहत्तर साली सरकारनं दिलेलं दीड एकर गायरान. अट एकच, पेरायचं न्हाई. जळाऊ बाभूळ लावायची, राखायची, पाचव्या वर्षी तोडून लाकूड वनखात्याच्या डेपोत घालायचं. दीडशे रोपं लावली त्यानं. डोक्यावर पाणी वाहून घातलं. पर आधी मुळ्यांना उधई, म्हंजी वाळवी लागली, मंग बकऱ्या शिरल्या, आन् उरलीसुरली उन्हानं खाल्ली. जगली किती? तर अकरा.

आन् आठ दिवसांखाली शेजारचा भुजंगराव आपणहून बांधावर आल्ता. पंधरा एकराचा धनी. त्याचं भोकरदनच्या कचेरीत रोजचं जाणं-येणं.

"तात्या, साहेब येऊन राह्यला झाडं मोजायला. मेलेली दिसली की जमीन गेली बघ."

तातेरावच्या पायाखालची माती सरकली. "मंग करू काय, भुजंगराव?"

"करायचं काय! माझ्या बांधावरच्या बाभळी हायेत ना? छाटून घे. गाडी बी माझीच ने. आन् बोंबलत फिरू नको गावात."

घरी आल्यावर कौसल्यानं चुलीपुढून इचारलं, "ज्यानं आपल्याला कधी विहिरीच्या दोराला हात लावू दिला न्हाई, त्यानं गाडी दिली?"

"माणूस सुधारतो."

"एका हप्त्यात?"

तातेरावनं कोयता धारेला काढला. दुसरा इलाज तरी कुठं होता!

जीप आली तवा एक वाजला होता. चष्मेवाला साहेब उतरला, वही घेऊन कारकून उतरला, आन् मागच्या फळीवरून धोतर झटकत भुजंगराव उतरला. ह्या माणसानं एक शब्द टाकला की खेळ खलास.

"चला, दाखवा," साहेब म्हणाला.

कारकून मोजत निघाला. तातेराव साहेबाच्या आन् झाडांच्या मधून चालला, अंग आडवं घालून. पाला मिटलेला दिसत होता. "उन्हानं मिटतो साहेब, सांजच्याला उलगडतो," न इचारताच बोलून गेला. तेवढ्यात वाऱ्याची झुळूक आली, आन् चौथ्या रांगेतली एक फांदी हळूच कलली. कौसल्या घागरीसकट तिथं जाऊन उभी राह्यली, बुडावर पाय दाबून. साहेब जवळून गेला तर तिनं पदर नीट केला, पर पाय काही उचलला न्हाई.

साहेब पुढच्या झाडापाशी थांबला. "वा! कवळी बाभूळ. दातणाला बरी." आन् हात घातला की फांदीला!

"साहेब, काटा रुतंल!" तातेराव झेपावलाच. डाव्या हातानं बूड गच्च धरलं, उजव्यानं कडकन डहाळी मोडली. बूड बोटभर हाललं. भुसभुशीत मातीला भेग पडली. साहेबानं चष्म्यावरून खाली बघितलं.

तातेरावनं पायानं माती चेपली.

भुजंगराव खाकरला. आता सांगतोय, तातेरावनं डोळे मिटले.

"काल खुरपणी केली त्यानं," भुजंगराव बोलला. "लई जीव लावलाय साहेब गड्यानं. मुळ्या पार खोल गेल्यात बघा."

साहेब हसला, दातण चावत पुढं निघाला. तातेरावच्या डोळ्यांत पाणीच आलं. ह्या देवमाणसाला आपण काय समजत होतो! त्यानं कौसल्याकडं बघितलं, बघ म्हणून. ती भुजंगरावकडं बघत होती.

"एकशे सेहेचाळीस हिरवी, चार वाळलेली," कारकुनानं वही पुढं केली.

"शाबास!" साहेब म्हणाला. "साऱ्या तालुक्यात असं रान नाही बघितलं. लिहिलंय ते बरोबर? सगळी जिवंत?"

"बिलकुल बराबर, साहेब."

"कर सही."

अंगठा न्हाई दिला त्यानं. रात्रीच्या शाळेत शिकलेलं नाव एकेक अक्षर घोटून लिहिलं. खाली भुजंगरावनं पंच म्हणून सही ठोकली. कौसल्यानं आता कुठं पाय उचलला.

"साहेब," तातेराव हात जोडून म्हणाला, "मंग जमीन राह्यली ना माझी?"

साहेबानं दातण तोंडातून काढलं. "म्हणजे? तुला कोणी सांगितलं नाही? नवा हुकूम येऊन महिना झाला की. ज्याची झाडं मेली, त्याला ती जमीन कायमची नावावर, बाजरी-ज्वारी पेरायला. जिथं झाडं जगली, ती जमीन खात्याकडं परत." त्यानं कारकुनाच्या हातातली वही मिटवली आन् मागं वळला. "ह्या रानाच्या राखणीला अन् तोडीला अर्ज तर एकच आलाय. बोला भुजंगराव, कुंपण कधी घालता?"