हळूच उमटला पाहिजे

तिसऱ्यांदा रिफ्रेश केलं तरी चौकट रिकामीच. खाली नाव मात्र ठसठशीत: कै. कारभारी आहेर, देवळा. वर कोणीच नाही.

"काका, फोटो फार जड आहेत," शेखर म्हणाला.

"माणूसच जड. त्याला काय करणार?" शेजारच्या खुर्चीतले काका भुवईवरची चामखीळ खाजवत म्हणाले.

कॉलेज रोडवरच्या त्या गाळ्यात शेखर वेबसाइट बनवायचा. गिऱ्हाईक साठीच्या पुढचं असलं की काका, एवढीच तो ओळख ठेवायचा. स्मृतीचं पान असलं, तर गेलेला माणूस कोण लागतो हेही विचारायचा नाही. एकदा विचारलं होतं. दीड तास गेला आणि रुमालही परत मिळाला नाही.

काका मात्र रडत नव्हते. ते सकाळी दहापासून सूचना देत होते.

"फोटो हळूच उमटला पाहिजे. झटक्यात नाय. आपला गेणू गेला, तर पोरांनी आधार कार्डावरचा फोटो बॅनरवर लावला. जन्मभर सज्जन माणूस, चौकात फरार आरोपी! कारभारीचं तसं व्हायला नको. आणि आजच पाह्यजे. सोमवारी मला दवाखान्यात जायचंय."

"होईल. हळूच उमटवणाऱ्या फेड इफेक्टचा घोळ आहे."

शेखरने फेड दीड सेकंदाचा तीन केला. चौकट आता दुप्पट सावकाश रिकामी राहिली. मग त्याने फेड काढूनच टाकला. कोपऱ्यात फाटक्या चित्राची चिमुकली खूण आली.

"हे कारभारी नाय," काका म्हणाले.

"माहितीये."

दुपारी एकच्या सुमारास शेखरने स्वतःचा सगळा कोड नव्याने लिहिला. नवा कोड जुन्यापेक्षा सुबक होता. फोटो दोन्हींत नव्हता. काकांनी डबा उघडून अर्धी भाकर त्याच्यासमोर सरकवली.

"खा. कोड काय पळून जातो का?"

खाता खाता शेखरला सुचलं. त्याने फोटोची फाइल थेट उघडून पाहिली. संगणकाने नकार दिला.

"काका, हे फोटो कुणी काढले?"

"नातीनं. हर्षालीनं. तिच्या लय महागाच्या फोनवर. तुझ्या हापिसातल्या पोरीनं सांगितलं ना, जेपीजी फोटो पाठवा? मग तिनं सगळ्या नावांपुढं जेपीजी लिव्हलं."

"हातानं लिहिलं?"

"चाळीस फोटोंना. दोन तास बसली होती बिचारी."

शेखरने डोळे मिटले. सकाळपासूनचे चार तास डोळ्यांसमोरून गेले. तेही सावकाश, फेड होत. "काका, त्या फोनचे फोटो वेगळ्याच प्रकारचे असतात. रॉकेलच्या बाटलीवर तुपाचं लेबल लावलं म्हणून शिरा होत नाही."

"म्हंजी माझं काम होणार का नाय?"

"होणार. फोटो खरोखरचे जेपीजीत बदलून घेतो."

बदलायला वीस मिनिटं लागणार होती. तेवढ्यात शेखरने माहितीचा रकाना पुढे ओढला.

"जन्मतारीख मिळाली. गेल्याची?"

"ती जागा सोड. नंतर भरू."

"बरं. स्वभावाबद्दल दोन शब्द?"

"हट्टी. बायको अजून तेच म्हणती."

शेखरने 'करारी' असं लिहिलं. अशा पानांवर हट्टी माणसं नसतात.

वीस मिनिटं झाली. शेखरने फेड पुन्हा जोडला, फोटो पूर्ण आल्याशिवाय सुरू व्हायचा नाही असा बांधला, आणि रिफ्रेश दाबलं.

चौकट क्षणभर रिकामी राहिली. मग धुक्यातून टोपी आली. पांढऱ्या मिशा आल्या. सगळ्यात शेवटी, डाव्या भुवईवरची चामखीळ.

शेखरने पडद्याकडे पाहिलं. मग शेजारच्या खुर्चीकडे.

"आता कसं झ्याक आलं," मिशांवरून हात फिरवत काका म्हणाले. "तारखेची जागा तेवढी मोकळी ठेव. डॉक्टर म्हणतो, सोमवारी ऑपरेशन करून बघू. नायच जमलं, तर हर्षाली फोन करील."