झटका

स्पोर्ट्स कारखालून बाहेर येत मेकॅनिक जमीरभाई म्हणाले, "मागच्या चाकांना फिरवणारं डिफरन्शियल त्याच्या रबरी बैठकीत हलत होतं. फटींमध्ये ॲल्युमिनियमच्या कॉलर बसवल्यात. आता गिअर टाकताना झटका बसणार नाही."

गाडी ताब्यात मिळताच यशोधन हौसेने बायकोला, केतकीला, घाटात फिरायला घेऊन गेला. वर्षभरात दोघांचं बोलणं कामापुरतंच उरलं होतं. तरी गाडीत झटका बसला की केतकी दचकून त्याचा दंड घट्ट धरायची.

वळणावर त्याने गिअर बदलला. गाडी अलगद पुढे गेली. केतकीचे हात मांडीवरच राहिले.

"बरं झालं," ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, "आता काही धरून बसायला नको."

दुसऱ्या दिवशी गाडी पुन्हा गॅरेजच्या दारात उभी होती.

"त्या कॉलर काढून टाका."

जमीरभाई बघतच राहिले. "अहो, झटका परत येईल."

"येऊ दे."